उस्तादाचा आवाज

काल तुझ्या दहाव्याहून घरी आलो, देवजी, तो घसा बसलेला घेऊनच. बायको म्हणाली, रडून बसला असेल. रडून नाही बसला. तो कशाने बसला हे कुणाला सांगायचं तर तुलाच, आणि तू तर गेलास. म्हणून हे लिहितोय. तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे मलाही कळतं, एवढा काही मी येडा झालेलो नाही.

तू कुठल्या साली भरती झालास, कुठे कुठे होतास, कधी पेन्शनीत आलास, हे सगळं तुझ्या किशोरने तलासरी नाक्यावरच्या बॅनरवर छापून टाकलंय. त्यात तुझी टोपी वाकडी आहे. बॅनरवाल्याने कॉम्प्युटरवर बसवलेली असणार, कारण तुझी टोपी उभ्या जन्मात वाकडी नव्हती. मी किशोरला बोललो नाही. पोरगं आधीच खचलंय. पण तिथून जाताना दर वेळी माझा हात वर जातो, ती टोपी सरळ करायला.

आपण एकाच भरतीत लागलो. मी डहाणूच्या किनाऱ्यावरचा, होडीत वाढलेला. तू वेवजीचा, भाताच्या खाचरातला. फौजेच्या ट्रेनिंग सेंटरला पोचेपर्यंत आपण एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. आपल्याला शिकवणारा हवालदार, म्हणजे उस्ताद, त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "डहाणू का कौन? तलासरी का कौन?" दोन हात वर झाले आणि त्याने आपली जोडी लावून दिली. तुम्ही दोघं बडी. एकाने दुसऱ्याला सांभाळायचं, एक चुकला तर शिक्षा दोघांना. लग्नं लागताना तरी गुरुजी दोन मंत्र म्हणतात, इथे तेही नाही.

माझ्या आईने ट्रंकेत कपड्यांखाली सुके बोंबील दडवून दिले होते. पहिल्याच तपासणीला उस्तादाच्या नाकाने ते हेरले आणि अख्ख्या बराकीला मैदानावर कोलांट्या माराव्या लागल्या. सगळे मला शिव्या घालत होते. तू धुळीने माखलेल्या तोंडाने मला हळूच विचारलंस, "उरलेत का रं थोडे?" तेव्हा मला कळलं की या माणसाबरोबर आपलं निभेल.

आणि उस्तादाचा तो आवाज. नाकातून निघायचा आणि पोटात संपायचा. 'सावधान'मधला 'सा' तो इतका ताणायचा की पुढची अक्षरं येईपर्यंत आपले पाय थरथरायला लागायचे. जेवायला पेला आणि थाळी घेऊन रांगेत बसवायचा, समोर गरम डाळभात, आणि तो फेऱ्या मारत राहायचा. 'खाना शुरू कर' म्हटल्याशिवाय बोट लावायचं नाही. मला तो आवाज हुबेहूब जमायचा. एकदा तू खाटेखाली बूट शोधत होतास आणि मी दारातून 'सावधान' केलं. तू असा काही उठलास की कपाळाला टेंगूळ आलं. मग मी आहे हे बघून तू हसत सुटलास, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पुढे आपण वेगवेगळ्या पलटणीत गेलो, जे बघायचं ते बघितलं. पण पेन्शनीत आल्यावर हायवेच्या टपरीवर भेटायला लागलो तेव्हा सीमेवरचं तू काही काढायचा नाहीस, मीही नाही. लोकांना त्याच गोष्टी हव्या असतात, आणि त्याच आपल्याला सांगाव्याशा वाटत नाहीत. आपण बोलायचो ते रंगरुटीतलं. तेच बोंबील, तीच कोलांटी. चहा आला की तू म्हणायचास, "हऱ्या, काढ की आवाज." मी काढायचो. टपरीवाला गुजराती दचकायचा. तू तेच हसायचास.

त्यातली एकच गोष्ट अशी होती की तिच्यावर आपलं कधी जमलं नाही.

मला कावीळ झाली होती. मी दवाखान्यात पडून राहिलो, परेड बुडाली, आणि मला मागच्या तुकडीत टाकलं. म्हणजे तुम्ही सगळे शपथ घेऊन सुट्टीवर घरी जाणार आणि मी अनोळखी पोरांत पुन्हा तेच सगळं करणार. मी खचलो होतो. तुला म्हणालोही होतो, मी इथे राहत नाही, पळून जातो, गेलो तर होडी आहेच. त्यानंतर तुमची ड्रिलची परीक्षा झाली. अख्ख्या कंपनीत तुझ्यासारखी ड्रिल कुणाची नव्हती, उस्ताद तुला पुढे उभा करून इतरांना दाखवायचा. आणि त्या दिवशी साहेबांच्या समोर तू उजव्या पायाबरोबर उजवा हात टाकत चालत गेलास. नवखं पोरगंही तसं चालत नाही. तुला नापास केलं. संध्याकाळी तू डोक्यावर ट्रंक घेऊन माझ्या बराकीत आलास आणि शेजारची खाट झटकत म्हणालास, "पाय चुकला रं."

मी किती खूश झालो होतो. मी काही विचारलंच नाही.

तुकडी सुट्टीवर गेली, आपण दोघं मागे राहिलो. आणि त्याच सुट्टीच्या दिवसांत तुझी आई गेली. ती आजारी आहे हेही तुला माहीत नव्हतं. निरोप पोचला तोवर गावात सगळं उरकलं होतं. तू मैदानाच्या कडेला बसून राहिलास. उस्ताद तुझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्या दिवशी त्याने तुला परेडला बोलावलं नाही. वेळेवर पास झाला असतास तर तू तिच्या उशाशी असतास. हे तुलाही कळत होतं, मलाही.

म्हणून मी विचारत राहिलो, देवजी. पेन्शनीत आल्यावर, पोरांची लग्नं झाल्यावर, आजोबा झाल्यावरही. खरं सांग, मुद्दाम चुकलास ना? तू दर वेळी चहा फुंकत म्हणायचास, "नाय. ड्रिल हाय ती. कोणाचाबी पाय चुकतो." मी म्हणायचो, तुझा नाही चुकत. एकदा मी फारच लावून धरलं तेव्हा तू कप आपटलास. "तुला काय ऐकायचंय? आईला मी तुझ्यापायी टाकली, हे ऐकायचंय?" अख्खा पावसाळा तू बोलला नाहीस माझ्याशी. दिवाळीला आपणहून आलास, बोंबील मागितलेस, आणि मी तो विषय बंद केला. बंद केला म्हणजे तोंडातून बंद केला. मनात मला एकच हवं होतं, की तुझा पाय खरंच चुकलेला असावा. तसं असतं तर मी मोकळा होतो.

मग तू विसरायला लागलास. आधी चष्मा, मग शेताची वाट, मग किशोरचं नाव. डॉक्टरांनी मेंदूचं काहीतरी सांगितलं आणि गोळ्या दिल्या. रतनवहिनी म्हणायच्या, वय झालं की होतंच. वय तर माझंही झालंय. एक दिवस त्यांचाच फोन आला. "भाऊ, तुमी या. ते उठत नाय, जेवत नाय. घास तोंडात घातला तं थुंकून टाकतात. मला बोलतात, तू कोण बाई?"

मी एसटीने तलासरीला आलो आणि पुढे शेअर रिक्षाने वेवजी. तू ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मी हाका मारल्या, बोंबील नाकाशी नेले, टपरीवाल्याच्या गमती सांगितल्या. तू बघत होतास, पण माझ्याकडे नाही. मला राग आला. खोटं कशाला सांगू, रागच आला. आणि मग नेहमीसारखं तुला हसवावं म्हणून मी उभा राहिलो आणि तो आवाज काढला. "सावधान!"

तू हसला नाहीस. तू उठून उभा राहिलास. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला, हनुवटी वर, नजर माझ्या डोक्यावरून पार अंगणातल्या शेवग्यापर्यंत. अंगात फक्त बनियन आणि पंचा. वहिनींच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी म्हटलं, बैठ. तू बसलास. ताट समोर आलं तरी हात मांडीवरच. तेव्हा मला आठवलं आणि मी म्हणालो, "खाना शुरू कर." तू खाली मान घालून सगळं ताट संपवलंस आणि ते घेऊन नळावर धुवायला गेलास. वहिनी तोंडाला पदर लावून रडत होत्या, माणूस जेवला म्हणून. मी पण हसलो त्या दिवशी. मला वाटलं, सापडली किल्ली.

किल्ली कसली. त्या दिवसापासून मी तुझा बडी राहिलो नाही, एवढंच झालं.

वहिनींनी तोच हुकूम देऊन पाहिला, तू त्यांच्याकडे नुसता बघत राहिलास. किशोरने माझा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. तो लावला की तू उस्तादाला शोधायला अंगणात जायचास आणि ताट इकडे गार व्हायचं. शेवटी मीच जायला लागलो, आधी एक दिवसाआड, मग जवळजवळ रोज. माझी बायको म्हणायची, "तुमी तिकडे परेड घ्या. हितं बोंबलांवर कावळे बसतात ते कोण हाकलणार?" आणि तीच डबा भरून द्यायची. किशोरला ते बघवत नव्हतं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबांना असं दरडावू नका ना. शेजारी बघतात. गुराला पण कोणी असं बोलत नाय." मी म्हटलं, मग तू जेवव. त्याने हात जोडून तुला किती विनवलं. तुझे ओठ घट्ट मिटलेले. तो उठून कंपनीत निघून गेला, सेकंड शिफ्टला.

मी मध्येच आपला आवाज लावून बघायचो. देवजी, मी हरेश्वर, हऱ्या, डहाणूचा. तुझ्या चेहऱ्यावर काहीच हलायचं नाही. उलट तू गडबडून जायचास, हा कोण म्हातारा मध्येच आला म्हणून, आणि हातातला घास परत ताटात ठेवायचास. म्हणून मी ते सोडून दिलं. तुझ्या पोटात चार घास जायचे तर मला उस्तादच राहायला हवं होतं. ज्याला आपण दोघं घाबरायचो, ज्याच्या नावाने हसायचो, त्याच्या कातड्यात मी रोज शिरायचो आणि तू माझ्याकडे भेदरलेल्या पोरासारखं बघायचास. तुझी दाढी पांढरी, आणि डोळे त्या भरतीतल्या पोराचे.

आणि तू उस्तादाशी बोलायला लागलास. माझ्याशी कधी बोलला नव्हतास असं. जेवण झालं की खालच्या आवाजात सांगायचास, आपला बडी चांगला आहे, फक्त त्याला समुद्राची आठवण येते, त्याला मारू नका. रात्री रडतो, पण कुणाला दाखवत नाही. मी ऐकत राहायचो. मी रडायचो हे तुला माहीत होतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटच्या भेटीचं आता सांगतो. तुझ्या लक्षात नसणारच. ताट धुऊन झालं, मी 'विश्राम' म्हणालो, तरी तू गेला नाहीस. तू म्हणालास, "उस्ताद, एक सांगायचं होतं." मी मान हलवली. तू दाराकडे बघून घेतलंस, कुणी ऐकत नाही ना, आणि म्हणालास, "ड्रिलला मी मुद्दाम चुकलो. तो एकटा पडला असता तं पळून गेला असता. पण त्याला बोलू नका. त्याला वाईट वाटंल."

मी भिंतीला हात लावला. उस्ताद भिंतीला हात लावत नाही, पण तू ते पाहिलं नाहीस, तुझी नजर समोर होती. आणि मग तू म्हणालास, "आता मला सुट्टी द्या, उस्ताद. घरी आई एकटी हाय. लय दिस झाले."

मला तिथल्या तिथे खाली बसून तुझे पाय धरावेसे वाटत होते. सांगावंसं वाटत होतं, अरे तो मीच, मला कळलं, मला माफ कर, तू कशाला असं केलंस येड्या, मी पळून गेलो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं, बोंबील वाळवत बसलो असतो. पण तू ज्याच्याशी बोलत होतास तो मी नव्हतो. आणि सुट्टी द्यायला माझी जीभ उचलेना. सुट्टी दिली आणि हा खरंच आईला शोधायला निघाला तर? हायवे जवळ, ट्रकांची रीघ. म्हणून उस्ताद जे नेहमी म्हणायचा तेच मी म्हणालो. "कल देखेंगे." तू "जी उस्ताद" म्हणालास आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झालास.

एसटीत मी ठरवलं होतं. उद्या आपल्याच आवाजात सगळं बोलून टाकायचं, जेवला नाही एक दिवस तरी चालेल, पण बोलायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे किशोरचा फोन आला, तू झोपेतच गेलास म्हणून. सुखाचं मरण, सगळे म्हणाले. असेल. सुट्टी न मिळता गेलास, हे त्यांना कुठे माहीत होतं.

काल ओढ्याच्या काठी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळे होते, समोरच्या साबरीच्या झाडावर दोन आणि बांधावर एक. एकही खाली येईना. किशोरने हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. तुझ्या मुलीने सांगितलं, भावाशी भांडणार नाही. वहिनींनी तुझं नाव न घेता सांगितलं, काळजी करू नका. कावळे ढिम्म. ऊन वाढत चाललं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा किशोर म्हणाला, "काका, तुमचं काही राहिलंय का?"

मी पुढे गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल की काय ही लाज होती, तरी बोललो. माझ्याच आवाजात, हळू. देवजी, मी हऱ्या. मला सगळं कळलं. मला माफ कर. तुझ्या आईचं ओझं माझ्या डोक्यावर आहे, ते मी घेऊन जाईन, तू ये आता. कावळ्याने मानसुद्धा वळवली नाही. मी पुन्हा बोललो. काही नाही. मग वहिनी मागून म्हणाल्या, "भाऊ, त्या आवाजात बोला. तुमी बोलल्याबिगर ते कुठं जेवत होते."

मला नको होतं ते, देवजी. निदान आता तरी मी तुला दरडावायला नको होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, उपाशी, उन्हात. मी टाचा जुळवल्या. पोटातून आवाज काढला, असा की घसा फाटला. "देवजी! छुट्टी मंजूर. घर जा."

बांधावरचा कावळा खाली आला आणि त्याने भाताला चोच लावली.

सगळ्यांना हायसं वाटलं. वहिनी रडल्या, गुरुजींनी सामान आवरलं. मला कावळ्यांचं काही कळत नाही. ओरडण्याने बिचकून उडाला असेल, समोर भात दिसला असेल, खाल्ला. तसंच असावं असं मला वाटतं. कारण तसं नसेल तर याचा अर्थ एवढाच की शेवटपर्यंत तुला उस्तादच ऐकू गेला. मी हाका मारत होतो आणि तू मला ओळखलं नाहीस. सुट्टी मिळाली, तू आईकडे गेलास, चांगलं झालं. पण तू ज्याच्यासाठी नापास झालास तो तुझ्यासमोर उभा राहून माफी मागत होता, आणि ती तुझ्यापर्यंत पोचली नाही. आता ती कुणाकडे मागू मी?

घरी आलो. बायकोने हातपाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. भात, डाळ, बाजूला बोंबलाचं कालवण. मी बसलो. ती समोर उभी होती. वाफ निघून गेली तरी माझा हात मांडीवरच होता, आणि हे मला तिने सांगितल्यावर कळलं. ती म्हणाली, "जेवा की. कोणाची वाट बघता?"

मी जेवलो. अजून मला तिचं बोलणं कळतं, म्हणून जेवलो. पण उद्या मीही तुझ्यासारखा भिंतीकडे तोंड करून पडलो, तर त्या आवाजात बोलणारा आता कुणी उरलेला नाही. ती बिचारी घास हातात घेऊन कुणाला बोलावणार, देवजी?